घोड्यांच्या वैरणीसाठी वर्गणी

अमेरिका देश आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. त्या देशाच्या पश्चिम भागात मोठमोठे माळ आहेत. पाऊस कमी आणि गवत विरळ. या माळांवर रानटी घोडे राहतात. तिथले लोक त्यांना मस्टँग म्हणतात.

हे घोडे आले कुठून? सोळाव्या शतकात स्पेन देशाचे लोक जहाजांतून घोडे घेऊन अमेरिकेत गेले. त्यांतले काही घोडे सुटून रानात गेले. पुढे इतर लोकांचे घोडेही त्यांत मिसळले. पिढ्यान्‌पिढ्या ते रानातच वाढले. त्यांना ना लगाम ठाऊक, ना खोगीर.

एक काळ असा होता की या घोड्यांना कुणी वाली नव्हता. माणसं विमानं आणि ट्रक घेऊन त्यांच्या मागे लागत. पळवून पळवून त्यांना दमवत आणि कत्तलखान्यात नेत. त्यांच्या मांसाचं कुत्र्यांचं आणि कोंबड्यांचं खाद्य होई.

नेवाडा राज्यात वेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाई होत्या. त्या कचेरीत नोकरी करत. १९५० साली त्यांना रस्त्यात एक ट्रक दिसला. त्यातून रक्त गळत होतं. आत जखमी घोडे कोंबलेले होते. बाईंनी ठरवलं, हे थांबलंच पाहिजे. बाईंजवळ ना सत्ता होती, ना पैसा. पण लिहिता-वाचता येत होतं. त्यांनी पत्रं लिहिली, सभांत जाऊन बोलल्या. शाळेतल्या मुलांनीही सरकारला पत्रं धाडली. १९५९ साली कायदा झाला. सरकारी जमिनीवर विमानानं किंवा मोटारीनं रानटी घोडे मारायला बंदी आली. १९७१ साली आणखी मोठा कायदा झाला आणि या घोड्यांना सरकारी संरक्षण मिळालं.

जीव तर वाचला. पण पोटाचं काय?

घोड्यांची संख्या वाढत जाते. माळ मात्र तेवढाच राहतो. पाणीही तेवढंच. त्याच माळावर लोकांची गुरंही चरतात. म्हणून सरकार काही घोडे पकडून आणतं. थोडे घोडे लोक पाळायला नेतात. बाकीचे सरकारी वाड्यांत आणि कुरणांत राहतात. २०२३ साली असे घोडे साठ हजारांच्या वर होते. काही घोडे धर्मादाय संस्था सांभाळतात. डेटन हाइड नावाच्या लेखकानं १९८८ साली साउथ डाकोटा राज्यात असंच एक मोठं आश्रयस्थान सुरू केलं. आपल्याकडच्या पांजरपोळासारखंच हे काम.

कुणी म्हणेल, "अहो, रानातलं जनावर ते! त्याला वैरण कशाला घालायची? चरेल की आपलं आपण!" बरोबर आहे. पण आश्रयस्थानाला कुंपण असतं. घोडा चारा शोधत दूर जाऊ शकत नाही. हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडलं जातं. अवर्षण पडलं तर गवत उगवतच नाही. मग वाळलेलं गवत विकत आणावं लागतं.

आता हिशेब करून पाहू. चारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे ८ किलो वाळलेला चारा लागतो. महिन्याला झाले २४० किलो. वर्षाला २,९२० किलो, म्हणजे जवळजवळ ३ टन. शंभर घोडे असतील तर वर्षाला ३०० टन! घोडा दूध देत नाही. हा रानटी घोडा गाडीही ओढत नाही. मग पैसा यायचा कुठून? लोकांच्या वर्गणीतून.

वर्गणी कशी गोळा करतात? कुणी गवताच्या एका गठ्ठ्याची किंमत देतो. कुणी एका घोड्याच्या चाऱ्याचा महिन्याचा खर्च उचलतो. संस्था त्याला त्या घोड्याचा फोटो पाठवते, खुशाली कळवते. दिलेला पैसा कुठल्या तोंडी गेला, हे देणाऱ्याला दिसतं. म्हणून तो पुन्हा देतो. शहाणी संस्था सुगीतच गवत घेऊन ठेवते. तेव्हा ते स्वस्त मिळतं. ऐन टंचाईत घ्यायला गेलं, तर त्याच पैशात निम्मं पदरात पडतं.

चारा कसाही चालत नाही. बुरशी लागलेलं गवत घोड्याच्या जिवावर बेततं. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेलं वाईट अन्न वर येत नाही, आणि पोटशूळ उठतो. उपाशी घोड्यापुढे एकदम पाटीभर खाद्य ठेवलं, तरी तो दगावू शकतो. त्याला थोडं थोडं, दिवसातून अनेकदा घालावं लागतं.

२०१६ सालची गोष्ट. साउथ डाकोटातल्याच दुसऱ्या एका संस्थेत आठशेहून जास्त घोडे होते. चारा पुरेना. घोडे हाडकले, काही मेले. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावं लागलं. मग दुसऱ्या लोकांनी धावपळ करून शेकडो घोड्यांना नवी घरं शोधून दिली. संस्थेचा हेतू घोडे वाचवण्याचा होता. पण नुसत्या हेतूनं पोट भरत नाही. दावणीला किती जनावरं बांधायची, हे गंजी पाहून ठरवावं.

मंडळी, दुष्काळात वैरणीची चिंता आपल्यालाही नवी नाही. कडब्याची पेंढी मिळेनाशी झाली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी गावानं मिळून चारा जमवायचा ठरवला, तर चार गोष्टी कराव्या. आधी जनावरं मोजावी. किती दिवसांना किती चारा लागेल, ते लिहून काढावं. पैसा देणाऱ्याला पावती द्यावी, मग तो रुपया देवो की शंभर रुपये. आणि जमाखर्च चावडीवर लावावा.

आता तुम्हाला वाचता येतं. वर्गणी दिलीत तर पावती मागा, ती वाचा. लावलेला हिशेबही वाचा. समजलं नाही, तर विचारा. मुकं जनावर हिशेब मागू शकत नाही. त्याच्या वतीनं तो आपणच मागायचा.