अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? आधी राज्य बघा, मग फी

तिकडे आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून काम करणाऱ्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला: फी किती? माझ्या लेखी तो तिसरा.

पहिला म्हणजे, प्रॅक्टिस कुठे करणार? ओरेगन, ॲरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या अधिकारात रुग्ण तपासते, औषधं लिहून देते. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने अनुभवी मंडळींसाठी दार उघडलं, पण टप्प्याटप्प्याने.

दुसरा प्रश्न ऑनलाइन कोर्सवाल्यांसाठी. वर्ग घरबसल्या होतात, क्लिनिकल तास मात्र प्रत्यक्ष रुग्णांसमोरच भरावे लागतात, तेही शेकड्यांनी. म्हणून कॉलेजला थेट विचारा: माझ्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घेता का? आणि प्रीसेप्टर, म्हणजे क्लिनिकल तासांत देखरेख करणारी अनुभवी व्यक्ती, तुम्ही शोधून देता की मी दारोदार फिरायचं? इथे गोलमोल उत्तर आलं तर मी तरी पुढे जाणार नाही. प्रीसेप्टर मिळेना म्हणून पदवी लांबते, आणि फीचं मीटर चालूच राहतं. कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या नर्सिंग शिक्षणाच्या मान्यता संस्थेची मान्यता आहे का, तेही तपासा. अशी मान्यता नसेल तर सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही.

शाखाही आत्ताच ठरवा. फॅमिली शाखा करून पुढे मानसिक आरोग्याकडे वळायचं, तर पुन्हा वेगळा सर्टिफिकेट कोर्स आणि वेगळी परीक्षा.

जाता जाता: या पेशाचा पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला, तो लहान मुलांच्या आरोग्यासाठी!