जुना ऑसिलोस्कोप, थकलेले स्विच

टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १०० मेगाहर्ट्‌झचा, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप १९७२ मध्ये आला. त्यातले बरेच बिघाड जळालेल्या भागांचे नसून मळलेल्या स्विचचे असतात.

• लक्षण : नॉब फिरवताना पडद्यावरची रेषा उडते किंवा एखाद्याच रेंजवर गायब होते. नॉब जरा हलवला की परत येते.

• रचना : नॉबच्या दांड्यावर उंचवटे असलेला रूळ असतो. तो फिरला की उंचवटे स्प्रिंगच्या नाजूक पट्ट्या दाबतात आणि त्या सर्किट बोर्डावरच्या सोन्याच्या मुलाम्यावर टेकतात.

• आधी हे करा : स्विच अनेकदा पूर्ण फिरवा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होते.

• सफाई : आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी टेकलेल्या कॉन्टॅक्टमधून हलकेच ओढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा.

• हे टाळा : पॉलिश पेपर आणि कानस. मुलामा अतिशय पातळ असतो. खरवडला की परत येत नाही. पट्टी वाकली तर तिचा दाबही जातो. काही स्प्रे प्लॅस्टिकला तडे पाडतात.

• त्याहून जुनी यंत्रे : त्यांच्या रोटरी स्विचमधली चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते. तिथेही घासण्याआधी सौम्य सफाईच करा.

• सावधान : पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट मिळतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. तो उतरवल्याशिवाय आत हात घालू नका.

घाई केली नाही, तर पन्नाशी गाठलेले असे यंत्र पुन्हा विश्वासाने मोजू लागते.