शंभर रुपयांचं घर, आणि बांची खोली

सिंदीहून सकाळची पॅसेंजर पकडा. तुळजापूर, सेलू रोड, वरुड आणि मग सेवाग्राम. नागपूर-वर्धा अप-डाऊन करणाऱ्यांनी हे स्टेशन शंभरदा पाहिलंय. शाळेच्या सहलीत आश्रमही 'करून' झालाय: रांगेत चाला, बोलू नका, बाहेर या, चिवडा खा. ते पाहणं धरू नका. आता एकदा घर बघायला जा. गांधीजी नाही, घर.

गांधीजी 30 एप्रिल 1936 ला इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं. रस्ता धड नव्हता, साप होते, हिवताप होता. पहिल्याच वर्षी गांधीजींनाही तो झाला. मीराबेन आधीच गावात राहत होत्या. घर उभारायची जबाबदारी जमनालाल बजाजांची, पण अट गांधीजींची: सामान इथलंच, हात इथलेच आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यातून उभा राहिला आदिनिवास.

आत गेलात की आधी जागेचा अंदाज घ्या. गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, आले-गेले पाहुणे, खान अब्दुल गफार खानांसारखा धिप्पाड माणूस, सगळे या एकाच छपराखाली. होस्टेलच्या रूममध्ये तिसरा आला तरी आपली कुरकुर सुरू होते!

आपण वाकून पाहतो ती बापू कुटी मुळात मीराबेनची. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं, चरखा, ओम्, हे सगळं त्यांच्या हातचं. फर्निचर म्हणाल तर खुर्ची नाहीच. जमिनीवर बैठक, पुढ्यात बुटकं डेस्क, चरखा, तीन माकडं, पिकदाणी. शेजारच्या दप्तरात मात्र एक टेलिफोन आहे, व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सरकारने बसवलेला. आणि साप पकडायचा लाकडी चिमटा नि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. मातीच्या घरात एकीकडे दिल्लीची लाइन, दुसरीकडे सापाचा चिमटा! मला विचाराल तर अख्ख्या आश्रमात सगळ्यात बोलकी जोडी हीच.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला बा कुटीत. सहलीतली पोरं इथून दोन मिनिटांत पुढे सरकतात. पुरुषांच्या सततच्या वर्दळीत बांची अडचण होत होती. कपडे बदलायचे कुठे, जरा पाठ टेकायची कुठे? ती अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी ही लहानशी कुटी बांधून दिली. साधेपणाच्या गोष्टीत हा भाग कुणी फारसा सांगत नाही. कमी वस्तूंत राहायचं गांधीजींनी स्वतः ठरवलं होतं. दाराआड एक कोपरा मात्र बांना दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आल्यावर मिळाला. इव्हान इलिच हा मोठा विचारवंत 1978 मध्ये बापू कुटीत बसून गेला. आपण जमवतो त्या वस्तू आपल्यालाच परावलंबी करतात, असं त्याने मांडलं. पटतं. तरी वाटतं, त्याने थोडं बा कुटीतही बसायला हवं होतं. ऑगस्ट 1942 मध्ये बा मुंबईला गेल्या, तिथेच अटक झाली आणि 22 फेब्रुवारी 1944 ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी देह ठेवला. या खोलीत त्या परतल्या नाहीत. गांधीजीही ऑगस्ट 1946 मध्ये निघाले ते कायमचे.

मग हे घर टिकलं कसं? मातीचं घर काचेत ठेवून टिकत नाही. पोतारावं लागतं, सारवावं लागतं, कवेलू फेरावे लागतात. पावसाच्या झडीने भिंती खचू नयेत म्हणून बाहेरून शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधाव्या लागतात. हो, आपल्या गावाच्या नावाशी जुळणारं तेच झाड. म्हणजे तुम्ही हात लावाल तो लेप 1936 चा नसणार, पण लावायची रीत तीच. उलट जी वस्तू नुसती मांडून ठेवायची होती, तो गांधीजींचा चष्मा, इथून चोरीला गेला. 2011 मध्ये पेपरात गाजलं होतं ते.

आपल्या सिंदीत तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी पिढ्यान्‌पिढ्या जपतात. ज्या घरात तो नंदी उभा राहायचा ते मातीचं घर मात्र स्लॅब पडायच्या आधी कुणी मोजूनही ठेवत नाही, साधा एक फोटोही नाही. तुमचं जुनं घर अजून उभं असेल तर या सुट्टीत टेप घ्या, खोल्या मोजा, कोण कुठे झोपायचं ते वहीत लिहा.

आणि सेवाग्रामला एकटे जाऊ नका, आजीला घेऊन जा. पोतारलेल्या भिंतीबद्दल ती कुठल्याही पाटीपेक्षा जास्त सांगेल. बा कुटीशी आलात की जरा थांबा आणि तिला विचारा, ‘आजी, तुले स्वतःची खोली कधी भेटली?’