फितूर पेशींचा बंदोबस्त

उन्हात गेल्यावर गालांवर लाल चट्टे उठतात, सांधे ठणकतात, पुढे मूत्रपिंडही सुजते. ल्यूपस या आजारात कुंपणच शेत खाते: बी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. औषधांनी त्या दबतात, पण ऊतींत दडलेल्या काही उरतातच.

कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात. मग बी-पेशींवरचे सीडी-१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येते. प्रयोगशाळेत वाढवून परत सोडल्यावर या टी-पेशी बी-पेशींचा फडशा पाडतात. काही महिन्यांनी अस्थिमज्जेतून नव्या बी-पेशी तयार होतात.

जर्मनीतील एर्लांगेनच्या गेओर्ग शेट यांच्या चमूने २०२२ मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष मांडले. पाचही जणांची ल्यूपसची औषधे थांबली. ल्यूपससाठी हा उपचार अजून चाचणीच्या टप्प्यात आहे. तोवर चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.