पाल, उंदीर, चहा आणि संगणकाचे अकाली मरण

संगणक जुना झाला की मरतो, अशी आपल्या व्यापारी बंधूंची समजूत आहे. दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. म्हातारपणाने गेलेली यंत्रे थोडी. बाकीची पाल, उंदीर, चहा आणि लाइटच्या करामतींनी गेलेली. ऐकताना हसू येते, पण आत उधारीचा हिशेब असतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

पालीपासून सुरुवात करू. संगणकाच्या मागे जिथे लाइटची वायर खोचतो, तो लोखंडी डबा म्हणजे पॉवर सप्लाय. तो ऊबदार असतो, म्हणून पंख्याच्या जाळीतून पाल आत शिरते. त्या डब्यात 230 व्होल्टचे सुमारे 325 व्होल्ट होतात. पालीचे पाय एका जोडावर आणि शेपूट दुसऱ्यावर पडले की फटाक्यासारखा आवाज होतो आणि दोघांचाही कारभार आटोपतो. अशा जिवांचे हे वैर जुनेच. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-2 संगणकात 9 सप्टेंबर 1947 रोजी पतंग अडकलेला सापडला, तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला आणि ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

उंदराचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणे त्याला भागच असते. मागची एखादी पत्र्याची पट्टी काढून भोक तसेच सोडले की तो आत बिलांच्या कागदांचे घर बांधतो. कुरतडलेली वायर बदलता येते. त्याच्या मुताने मदरबोर्ड गंजला तर मात्र बहुधा नवाच घ्यावा लागतो. ती पट्टी परत बसवायला पाच मिनिटे लागतात.

जुन्या पॉवर सप्लायला मागे 115 आणि 230 असा लाल खटका असे. दुकानात खेळणाऱ्या पोराने तो सरकवला की 200 व्होल्ट सोसणाऱ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट येत आणि बार उडे. अजून असे यंत्र वापरात असेल तर खटक्यावर चिकटपट्टी लावावी.

लाइटचा मोठा घात न्यूट्रल तुटल्याने होतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर एका दुकानात दिवे मंद होतात आणि शेजारी लख्ख पेटतात, कारण तिथे 230 च्या जागी 350-400 व्होल्ट पोहोचलेले असतात. दिवे अचानक लख्ख झाले की कौतुक न करता मेन स्विच पाडावा. तसेच दोन पिनांच्या सॉकेटात बसावी म्हणून तिसरी जाड पिन तोडण्याची आपली सवय वाईट आहे. डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात, त्या अर्थिंग नसल्याच्या.

मालेगाव, भिवंडीच्या माग कारखान्यांत सुताची पेर प्रोसेसरच्या पंख्यावर नमद्यासारखी बसते. हवा अडली की यंत्र तापून आधी मंद चालते, मग आपोआप बंद पडते, आणि मालक व्हायरसला शिव्या देत बसतो. जुम्याला माग बंद असतात, तेव्हा प्लग काढून ब्लोअर मारावा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, भरधाव फिरू देऊ नयेत. ओले फडके अजिबात नको.

चहा साध्या कीबोर्डवर सांडला तर नुकसान काहीशे रुपयांचे. लॅपटॉपमध्ये मात्र कीबोर्डखालीच मदरबोर्ड असतो. लगेच बंद करून, चार्जर काढून तो उलटा धरावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय ऐकायला बरा, पण साखर-दूध आतच राहते. ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबले की उरलेला जीवही जातो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी दुकानात शिरले की जमिनीवर ठेवलेला संगणक सर्वांत आधी बुडतो. तो फूट-दोन फूट उंच ठेवावा.

यंत्र पुन्हा घेता येते, आतला हिशेब बाजारात मिळत नाही. उधारी लिहून ठेवावी हा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. कोणाकडे किती येणे हेच ठाऊक नसेल तर रमजानमध्ये जकात कशावर काढणार? जीएसटीच्या कायद्यानुसारही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावा लागतो. आमच्या मते हिशेबाच्या दोन नकला हव्यात आणि एक घरी हवी. पेनड्राइव्ह संगणकालाच खोचून ठेवला तर न्यूट्रल तुटल्यावर दोघे एकत्रच जातात. जुनी हार्डडिस्क मरण्याआधी अनेकदा टिकटिक करते. नवी एसएसडी न बोलताच जाऊ शकते. म्हणून जुम्याच्या सफाईबरोबरच नक्कल घ्यावी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.