सपाट किनाऱ्यावरील सायकलवाटा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी, नागाव, चौल या गावांच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. अंतर सतरा किलोमीटरांच्या आसपास. चढ म्हणावा असा कोठेच नाही. वाराही अनुकूल आहे. पावसाळा सोडला तर सकाळी तो मंद असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येकडचा वारा सुटतो. म्हणजे सकाळी अलिबागला शिकावयास आलेल्या नागाव-चौलच्या मुलांना घरी परतताना तो पाठीमागून साथ देतो. अशा प्रदेशात सायकल हेच स्वाभाविक वाहन ठरावे. तथापि आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर आज सायकली शोधाव्या लागतात. स्टँडचे नाव तेवढे मागे राहिले आहे. विद्यार्थ्यांना कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : घरचे सोडत नाहीत. शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मोटारींची जी रीघ लागते ती पाहिली, म्हणजे घरच्यांना दोष देता येत नाही.

यावर हॉलंडचे उदाहरण दिले, की 'त्यांची जमीन सपाट, त्यांना काय अवघड?' असे म्हणून विषय मिटविला जातो. जमीन आमचीही सपाट आहे. शिवाय हॉलंडची जमीन १९६० नंतरच्या दशकातही तितकीच सपाट होती, आणि तरीही त्या देशात सायकल झपाट्याने मागे पडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पन्न वाढले, मोटारी वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अशा अपघातात गमावलेल्या फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने १९७२ मध्ये 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवण्याचा हुकूम सरकारने काढला. मोकळ्या रस्त्यांवर सायकली फिरू लागल्या, आणि रस्ता ही मोटारीची मिरास नव्हे, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

पुढे जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक वाटावे. सरकारने टिलबर्ग व द हेग या शहरांत सायकलींसाठी एकेक उत्तम नमुन्याचा मार्ग बांधला. खर्चात कसूर नव्हती. मार्गावर सायकलींची गर्दीही झाली. परंतु हिशेब मांडला तेव्हा असे आढळले, की आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलस्वार तेवढे या मार्गावर आले. शहरातील एकूण सायकलवापर फारसा वाढलाच नाही. कारण उघड होते. घराच्या दारापासून त्या मार्गापर्यंत आणि मार्ग संपल्यावर शाळेच्या फाटकापर्यंत धोका पूर्वीचाच राहिला होता. मुलाला सायकलवर पाठवावे की नाही हे आई ठरविते, ती वाटेतील सर्वांत वाईट चौक डोळ्यांपुढे आणून. हे ध्यानात घेऊन १९८० नंतर डेल्फ्ट शहराने शहर, विभाग आणि वस्ती अशा तीन स्तरांचे जाळेच विणले. तुटलेले दुवे जोडले, कोठे लहानसा पूल टाकला, कोठे भुयारी वाट काढली. तेथे मात्र सायकलवापर खरोखर वाढला. टेलिफोन गावात एकाकडेच असेल तर त्याचा उपयोग शून्य. दहाव्या घरी तो आला म्हणजे पहिल्या नऊ घरांच्या टेलिफोनांचीही किंमत वाढते. सायकलवाटेचे गणित असेच आहे. आपल्याकडे उद्घाटनापुरता दीड-दोन किलोमीटरांचा रंगीत पट्टा आखावयाचा आणि काही दिवसांनी त्यावर हातगाड्या व मोटारी उभ्या राहिल्या की 'लोकांनाच सायकल नको' असा निष्कर्ष काढावयाचा, हा प्रकार या गणिताच्या अज्ञानातून होतो. (सगळाच अज्ञानातून होतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.)

हॉलंडच्या किनाऱ्याने आणखी एक गोष्ट साधली. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटेपूर्वी समुद्र नैर्ऋत्येकडील झीलंड प्रांतात घुसला आणि देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बांधांची व धरणांची जी प्रचंड योजना झाली, तिच्यातील ओस्टरस्खेल्ड खाडीवरचा झडपांचा बांध १९८६ मध्ये पुरा झाला. नऊ किलोमीटर लांबीच्या या बांधावरून मोटारींबरोबर सायकलीची स्वतंत्र वाट जाते. बांध बांधला समुद्र रोखण्यासाठी. वाट मिळाली ती जवळजवळ वरकड. तेथे वारा असा असतो, की वादळी दिवस पाहून समोरच्या वाऱ्याविरुद्ध साध्या सायकली हाकण्याची शर्यतच २०१३ पासून या बांधावर घेतात! तेवढा वारा सोसूनही माणसे सायकल सोडीत नाहीत. मोटारीच्या धडकेची भीती मात्र कोणी सोसू शकत नाही.

त्याच प्रांतात वेस्टरस्खेल्ड खाडीखालचा बोगदा २००३ मध्ये खुला झाला. बोगद्यातून सायकल चालविण्यास मनाई आहे. मोटारी वाहणारी जुनी फेरीबोट बंद झाली; परंतु पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी व्लिसिंगेन ते ब्रेस्केन्स ही बोट चालूच ठेवण्यात आली. मोटारवाल्याला सोय झाली म्हणून दुसऱ्याची वाट बुडू नये, एवढा साधा न्याय त्यात आहे. आपल्याकडे १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा हा सागरी सेतू खुला झाला. त्यावर मोटारसायकललाही प्रवेश नाही, मग सायकलीचे नावच नको. इतक्या लांब आणि वेगवान पुलावर ते एक वेळ समजू शकते. परंतु रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर जे पूल योजले आहेत, त्यांच्या दोन्ही तीरांवर गावे आहेत, शाळा आहेत, मासळीबाजार आहेत. येथे सायकल ही हौसेची बाब नाही. होडीने पलीकडे जाणाऱ्या मुलाला पूल झाल्यावर होडीही मिळणार नाही आणि पुलावर सुरक्षित जागाही मिळणार नाही, असे घडणे अशक्य नाही.

पुलाचा आराखडा कागदावर असताना त्यात दोन मीटर रुंदी वाढविण्यास लागणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. पूल उभा राहिल्यावर तीच रुंदी मिळविणे जवळजवळ अशक्य होते. पुलाला जोडणाऱ्या गावरस्त्यांचीही गोष्ट तीच. तेव्हा या पुलांच्या नकाशांत सायकलीसाठी जागा धरली आहे काय, आणि ती जागा पुलाच्या टोकाला संपते की शाळेच्या फाटकापर्यंत जाते, हे त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत नकाशा लावून लोकांना दाखविले जावे, आणि तेही काम सुरू होण्यापूर्वी.