ॲसिड विकायचंय? मग गल्ल्याशेजारी रजिस्टर हवंच

कफ परेडच्या मच्छीमार नगरात साफसफाईच्या सामानाचं दुकान टाकायचं ठरवलंत, तर फिनेल, ब्लीचिंग पावडर, झाडू यांच्यासोबत ॲसिडच्या बाटल्याही ठेवाव्यात असं वाटणारच. पण थांबा. परवानाधारक बंदूक विक्रेत्याला जसा प्रत्येक विक्रीचा हिशेब ठेवावा लागतो, तसाच ॲसिडचाही ठेवावा लागतो.

इतकं कडक कशासाठी? 2 मे 2013 ला दिल्लीहून आलेली एक तरुण नर्स वांद्रे टर्मिनसला उतरली. कुलाब्यातल्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात, म्हणजे आपल्या शेजारीच, ती रुजू होणार होती. स्टेशनवरच तिच्यावर ॲसिड फेकलं गेलं. महिन्याभरात ती गेली. त्याच वर्षी 18 जुलैला, 2006 च्या 'लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार' या याचिकेत सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर अटी घातल्या.

त्या अटी अशा:

1. रजिस्टरमध्ये नोंद केल्याशिवाय विक्री नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती माल दिला, हे लिहायचं.
2. सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, आणि ॲसिड कशासाठी हवंय तेही विचारून लिहायचं.
3. 18 वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही. 'आईने मागवलंय' म्हणाला तरी नाही.
4. दुकानातला सगळा साठा 15 दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवलेला साठा जप्त होऊ शकतो आणि 50,000 रुपयांपर्यंत दंडही.

शिवाय विष अधिनियम, 1919 खाली विक्रीच्या परवान्याचे नियम राज्य सरकार करतं. म्हणून आधी परवान्याचं काम, मग माल.

आता माझा सल्ला. रजिस्टरमध्ये 'शिल्लक' असा एक रकाना स्वतःहून वाढवा. सकाळी 24 बाटल्या होत्या, 3 विकल्या, तर 21 लिहा आणि रात्री मोजून बघा. 20 निघाल्या तर एक बाटली नोंदीशिवाय गेली, हे त्याच दिवशी कळेल. महिन्याने तपासणीला कुणी आलं तेव्हा कळून काय उपयोग?

'रात्री बसून एकदम लिहीन' हे करू नका. गर्दीत कोण काय घेऊन गेलं ते आठवत नाही, आणि आठवून लिहिलेली नोंद म्हणजे अंदाज. आधी नोंद, मग बाटली हातात. ओळखीचा असला तरी ओळखपत्र मागाच. 'दादा, नियम आहे' एवढं म्हटलं की बहुतेक जण समजून घेतात. जो चिडतो, कारण सांगत नाही, त्याला माल देऊ नका. एका बाटलीवर सुटणारे चार पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

एवढी शिस्त जमणार नसेल, तर ॲसिड ठेवूच नका. फिनेल आणि साध्या टॉयलेट क्लीनरवरही दुकान चालतं.